हवेला वाट

मे महिना, रविवार, सकाळ. स्थळ : लातूर, माझ्या साडूंचं अंगण. हजर : मी, माझी बायको, तिची थोरली बहीण, म्हणजे अक्का, अक्कांचे यजमान, म्हणजे माझे साडू, आणि साडूंची पांढरी गाडी, बॉनेट उघडं. अंशतः हजर : आमची मुलगी रेणुका, माडीवरच्या खिडकीत, हातात फिजिक्सचं पुस्तक. गैरहजर : गाडीच्या एसीची हवा.

सभेचा विषय एवढाच होता की एसी थंड आहे, पण हवा येत नाही. पुढच्या शनिवारी याच गाडीतून रेणुकाला लातूरहून नांदेडला, आमच्या घरी आणायचं होतं आणि रविवारी नांदेडला तिची डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा होती. सभेत पुढे काय झालं ते ओळीने सांगतो, पण त्याआधी साडूंविषयी एक गोष्ट स्पष्ट करणं भाग आहे.

माझ्या साडूंनी आजवर दुरुस्त केलेली एकही वस्तू पुन्हा बिघडलेली नाही. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पुन्हा बिघडण्यासाठी वस्तू मधल्या काळात एकदा तरी चालावी लागते, आणि साडूंच्या हाताखालून गेलेल्या वस्तूने ती चूक कधी केली नाही. साडू शाळेत चित्रकला शिकवायचे. अख्खी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ते मला साहेब म्हणतात, कारण मी सरकारी कार्यालयात टेबलामागे बसतो. चित्रकलेच्या शिक्षकाने दुरुस्ती हातात घेतली की आधी चित्र निघतं. अक्कांचा मिक्सर बंद पडला तेव्हा गुरुजींनी त्याचं समोरून, बाजूने आणि वरून असं चित्र काढलं, सावल्या भरल्या, आतल्या तांब्याच्या तारेला केशरी छटा दिली. चित्र इतकं देखणं झालं की ते फ्रेम करून स्वयंपाकघरात लावावं लागलं. खरा मिक्सर त्याच चित्राखाली टोपलीत निजलेला आहे आणि चटणी पाट्यावर वाटली जाते. "चित्रातला बरा हाय," अक्का म्हणतात. "आवाज तरी करत न्हाई." प्रत्येक दुरुस्तीनंतर चार-दोन स्क्रू उरतात. ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जातात. एकदा मी त्या बरणीबद्दल विचारलं तर म्हणाले, "कंपनी जास्तीचे लावती, साहेब. वजन भरावं म्हणून. आपुन काढून ठिवायचे."

मी अगदी दुसऱ्या टोकाचा. मी यादी करून जगणारा माणूस आहे. नांदेडच्या आमच्या घरात फ्रिजवर एक यादी असते, कपाटाच्या दारावर दुसरी, आणि गावाला जाताना कुलूप लावल्याची खूण करायला तिसरी. गुरुजींना याची फार गंमत वाटते. "साहेब," ते चार माणसांत विचारतात, "तुमच्या यादीत श्वास घ्यायचं लिवलंय का? न्हाई तर इसरून जाल."

श्वासाची आणि हवेची काळजी मात्र ते सगळ्या जगाच्या वतीने करतात. भूकंप झाला त्या साली त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. घराला तडे गेले, पण घर उभं राहिलं. तरी पुढे कितीतरी दिवस अख्खी गल्ली अंगणात पत्र्याखाली झोपायची. हळूहळू एकेक घर आत गेलं. गुरुजी सगळ्यात शेवटी गेले, तेही दार बिजागरीतून काढून ठेवून. दार अडकून बसलं आणि हवा कोंडली तर काय करायचं, हा त्यांचा सवाल होता. त्यामुळे पुढची काही वर्षं त्या घराला दाराऐवजी पडदा होता. मी नवा जावई म्हणून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पडद्यावर टकटक कशी करावी हे न कळून बराच वेळ बाहेर उभा होतो. आतून आवाज आला, "या की साहेब! हवा न इचारता येती, तुमी कशाला थांबलाव?"

त्याच काळात त्यांनी भूकंप आधी कळवणारं यंत्र तयार केलं. कपाटावर स्टीलच्या पेल्यांची उतरंड आणि तिच्या टोकाला देवघरातली पितळी घंटा. जमीन जराशी थरथरली तरी पेले पडणार, घंटा वाजणार आणि माणसं वेळेत बाहेर येणार. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला घर बायकांनी भरलेलं असताना शेजारच्या मांजराने त्या कपाटावर उडी मारली. भूकंपातून गेलेलं गाव. कारण विचारत कुणी बसलं नाही. सगळ्या बायका वाणाच्या वाट्या आणि तिळगूळ घेऊन पडद्यासकट रस्त्यावर आल्या. त्यांना बघून समोरचा रिक्षावाला रिक्षा सोडून पळाला. गुरुजी तेवढे दारात उभे राहून आनंदाने सांगत होते, "बगा! यंत्र चालतंय!" अक्कांनी त्याच संध्याकाळी पेले फडताळात ठेवले आणि घंटा देवाला परत केली.

पुढे लातूरला क्लासेसचे दिवस आले. गल्लीगल्लीत पाट्या लागल्या, पाठीवर दप्तर घेतलेली पोरंपोरी दिसू लागली, घराघरावर माडी चढली आणि प्रत्येक माडीत खोल्या निघाल्या. गुरुजींनीही माडी बांधली. बाकीचे लोक मिस्त्रीला विचारायचे, खोल्या किती बसतील. गुरुजींनी विचारलं, खिडक्या किती बसतील. मिस्त्रीने सांगितलेल्या आकड्यावर त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून राहिलेल्या खिडक्या त्यांनी नंतर स्वतः छिन्नी-हातोड्याने पाडल्या. जळकोटहून, धर्माबादहून, परभणीहून आईबाप यायचे आणि मेस कुठे आहे, क्लास किती लांब आहे, असं विचारायचे. गुरुजी त्यांना खिडक्या दाखवायचे. "हितून उगवतीची हवा, तितून मावळतीची. मधी पोरगं. नापास व्हायची टाप हाय का त्याची? हवेला वाट पाहिजे बगा. क्लास निस्ता निमित्त हाय." हवेला वाट पाहिजे, हे त्यांचं आयुष्याचं वाक्य. लग्नाच्या मांडवात शिरले की आधी एक कनात सोडवतात. माडीवर त्या वाटांचा परिणाम असा झाला की परीक्षेच्या दिवसांत अंगणात नोट्सचा सडा पडायचा, आणि अक्का परातीत पानं गोळा करून जिन्यातून ओरडायच्या, "हिरव्या शाईचं केमिस्ट्री कुणाचं उडालंय?"

आमच्या रेणुकालाही आम्ही दहावीनंतर तिथेच ठेवलं. नांदेडला क्लासेस कमी आहेत असं नाही, पण लातूरला मावशी होती. घरात आम्ही तिला रेणू म्हणायचो. क्लास लागल्यापासून रेणू म्हटलं की तिला केमिस्ट्रीच आठवायला लागली, म्हणून आता पूर्ण नाव घेतो. या मुलीचा एकच प्रश्न आहे. तिला गाडी लागते, आणि तीही साधीसुधी लागत नाही. उलटी झाली, तोंड धुतलं, पुढे निघालो, असं होत नाही. पुढचे दोन दिवस ती अंधाऱ्या खोलीत डोकं बांधून पडते, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. एकदा तिला विष्णुपुरीचं धरण बघायला नेलं. धरण आम्ही बघितलं. तिने गाडीचं मागचं चाक बघितलं. एसटी झाली, जीप झाली, माझ्या मित्राची कोरी करकरीत गाडी झाली, सगळीकडे एकच अनुभव.

याला अपवाद फक्त गुरुजींची गाडी. सुट्टीत ते तिला लातूरहून नांदेडला आणून सोडायचे आणि ही पोरगी चिवडा खात, हसत उतरायची. प्रत्येकाकडे याचं कारण होतं. माझी बायको म्हणायची, भाऊजी गाडी सावकाश चालवतात. अक्का म्हणायच्या, मी लिंबाची फोड देते ना. गुरुजी काय म्हणायचे ते तुम्हाला आता पाठ झालं असेल. मी माझ्या वहीत 'कारण अज्ञात' असं लिहून ठेवलं होतं आणि ते मला टोचत होतं. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी रेणुका त्याच गाडीतून येणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. दोन वर्षं पहाटे उठून केलेला अभ्यास एका प्रवासात वाहून जाऊ द्यायचा नव्हता.

आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात गाडीची हवा गेली. काचा खाली करून यायचं म्हटलं तर मे महिन्यातला तो रस्ता, तो फुफाटा आणि ती झळ. त्यात धडधाकट माणसाचंही डोकं फिरतं. एसीचं बटण चारवर नेलं की डॅशबोर्डच्या आत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज व्हायचा, आणि समोरच्या जाळीतून येणारी हवा मात्र म्हाताऱ्याने बशीतल्या चहावर फुंकर घालावी तेवढी. गल्लीतल्या सगळ्यांनी निदान केलं : ग्यास संपला. दूधवाला म्हणाला ग्यास, पानवाला म्हणाला ग्यास. शेवटी गाडी रफीकभाईकडे नेली. हा एसीचा मेकॅनिक गुरुजींचाच जुना विद्यार्थी. त्याने तपासून सांगितलं, "ग्यास फुल्ल हाय, सर. थंड बी हाय. हवाच फुडं येत न्हाई. तेवढा डाव्या बाजूचा कप्पा खोलू द्या मला."

"कप्पा सोडून काय बी खोल," गुरुजी म्हणाले.

"मंग काय टायर खोलू, सर?"

गुरुजी गाडी घेऊन घरी आले. अक्कांनी हे सगळं मला फोनवर सांगितलं, आणि त्या रविवारी मी बायकोला घेऊन, खिशात कागद घालून लातूर गाठलं.

माझा कागद सरळ होता. बटण एकवरून चारवर नेताना पंख्याचा आवाज वाढतो का? वाढतो. म्हणजे मोटर ठीक, फ्यूज ठीक. जाळ्यांच्या पट्ट्या उघड्या आहेत का? आहेत. आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबून फरक पडतो का? पडत नाही. हवा येते तेवढी गार आहे का? आहे. म्हणजे गॅसचा संबंध नाही. आवाज वाढतो आणि हवा वाढत नाही, याचा अर्थ मधेच कुठेतरी वाट अडली आहे. पुढची ओळ मी मोठ्याने वाचली, "समोरच्या कप्प्यामागचा फिल्टर."

"ते ऱ्हाऊ द्या," गुरुजी म्हणाले आणि खडू आणायला आत गेले.

त्यानंतर अंगणाच्या फरशीवर गाडीच्या पोटाचं जे चित्र निघालं, ते खरंच प्रेक्षणीय होतं. निळ्या खडूने हवा, लाल खडूने पंखा, पांढऱ्याने गार करणारी जाळी. हवेला त्यांनी गालाचे फुगे आणि मिशासुद्धा काढल्या. मग स्वतः चित्राच्या तोंडाशी उभे राहिले. "मी हवा," त्यांनी जाहीर केलं. "आता बगा, मी कुठं अडतो ते." दोन्ही हात पसरून हवा निघाली. काचेखालच्या फटीतून आत आली, पंख्यापाशी स्वतःभोवती फिरली, पुढे सरकली आणि एका चौकोनापाशी येऊन पोरांनी लंगडीत मारावी तशी टुणकन उडी मारून पलीकडे गेली.

"हा चौकोन कशाचा?" मी विचारलं.

"हितं काय न्हाई."

"मग उडी कशाला मारली?"

"हवा हाय मी. हवेला कोन इचारतंय?"

हवेने तीन फेऱ्या केल्या आणि तिन्ही वेळा तिथेच उडी मारली. मग गुरुजींना धुराची युक्ती सुचली. उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवून ते जाळ्यांपुढे धरायला लागले; धूर जिकडे ओढला जाईल तिकडे हवेची वाट. धूर कुणीकडेच ओढला गेला नाही. तो सावकाश कुंपणापलीकडे गेला. पाचच मिनिटांत शेजारच्या काकू हळद-कुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन हजर झाल्या. "नवी गाडी घेतली व्हय? सांगितलं बी न्हाई आमाला!" त्या गाडीला तो परिसर गेली कित्येक वर्षं ओळखत होता, पण ताट आणलेल्या बाईला परत कसं पाठवणार? बॉनेटवर स्वस्तिक निघालं, चाकापुढे नारळ फुटला. त्या दिवशी पहिल्या फटक्यात नीट पार पडलेलं तेवढं एकच काम, आणि ते माझ्या कागदावर नव्हतं.

अक्का चहा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा हवेची चौथी फेरी चालू होती. गुरुजींनी उडी मारली. अक्कांनी ट्रे ओट्यावर ठेवला.

"आवं, तुमी खोटं बोलताना उडी मारताव."

"खोटं कोन बोलतंय?"

"लग्नात माज्या बापानं इचारलं, पगार किती? तवा बी उडी मारली हुती तुमी."

एवढं बोलून त्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या, समोरचा कप्पा उघडला, डब्याचं घट्ट झाकण काढावं तसा दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडला आणि आत हात घातला. ओढून काढलेली वस्तू पहिल्यांदा मला मेलेलं घोंगडं वाटली. करडी, जाड, धुळीने आणि कापसाने थापून घट्ट झालेली. अक्कांनी ती नाकाशी नेली.

"हा माज्या कूलरचा वाळा हाय!"

फिल्टरच्या जागी फिल्टर नव्हताच. त्या खाचेत गुरुजींनी कूलरच्या ताटीतला वाळा कापून, घडी घालून, ठासून बसवला होता. आपण उन्हाळ्यात माठात टाकतो तोच हा वाळा. दोन वर्षांत लातूर-नांदेड रस्त्याची सगळी धूळ त्याने आपल्या पोटात घेतली होती. पण अक्कांचा सवाल वेगळाच होता. दोन वर्षांपूर्वी कूलरची अर्धी ताटी नाहीशी झाली, तेव्हा ती शेजारच्या शेळीने खाल्ली असं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यापायी एक अख्खा उन्हाळा शेजाऱ्यांशी बोलणं बंद होतं. त्या शेळीच्या मालकीणबाई या क्षणी हातात खोबऱ्याचा तुकडा घेऊन उभ्या होत्या.

"म्हंजी," काकू सावकाश म्हणाल्या, "आमची शेळी..."

"तुमची शेळी देवमाणूस हाय," गुरुजी म्हणाले.

मी बटण चारवर नेलं. एकदम असा झोत आला की उरलेला भुसा गुरुजींच्या मिशांत जाऊन बसला, उदबत्त्यांची राख उडाली आणि माझा कागद कुंपणावरून शेळीकडे गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी तर गाडीला पुन्हा एकदा कुंकू लावलं. गुरुजी तेवढे बाजूला झाले. पायरीवर बसून ते तो काढलेला वाळा वर्तमानपत्रात बांधत होते. मला वाटलं, चोरी उघडी पडली म्हणून ओशाळले असतील.

काम झालं की चाचणी घ्यायची, हा माझा नियम आहे. रेणुकाला माडीवरून खाली बोलावलं, मागे बसवलं, आणि भरभरून गार हवा खात आम्ही एक चक्कर मारायला निघालो. रेणापूर नाक्याच्या अलीकडेच ती म्हणाली, "बाबा, थांबवा." पुढचं सांगत नाही. गाडी घरी आली, पोरगी खाटेवर आडवी झाली आणि अक्कांनी तिच्या डोक्याला फडकं बांधलं. माझी बायको माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "केली ना दुरुस्त?"

गाडीत पहिल्यांदाच एवढी हवा होती आणि त्याच गाडीत पोरगी पहिल्यांदाच आडवी झाली होती. परीक्षा पुढच्या रविवारी. मग खाटेवरून, डोळे मिटूनच, रेणुकाने विचारलं, "मावसा, गाडीतला तो वास कुठं गेला?"

गुरुजी खाटेच्या उशाशी बसले होते. त्यांनी वर्तमानपत्राची पुडी सोडून तिच्या हातात दिली. तिने ती नाकाशी धरली. थोड्या वेळाने तिचा घट्ट मिटलेला जबडा सैल झाला.

"पैल्या खेपेची गोष्ट हाय," गुरुजी आमच्याकडे न बघता म्हणाले. "चाकूरच्या फुडनं गाडी माघारी वळवावी लागली, तुमाला कळवलं न्हाई. येवढंसं तोंड झालं हुतं पोरीचं. म्हणली, मावसा, एसीचा वास सोसत न्हाई. घरी मात्र कूलरफुडं तासन् तास बसून वाचायची. मंग म्हणलं, एसीला आपुन कूलरचा वास देऊ."

"अहो, मग सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

"सांगून? फिल्टर काढून फेकलाय म्हणलं असतं तर तुमी यादी केली असती."

केली असती, यात शंका नाही. हवा हवी तर वास जातो आणि वास हवा तर हवा अडते, अशा पेचात आम्ही सापडलो होतो. मी रविवारी संध्याकाळी नांदेडला परतलो, नोकरी होती. बायको लेकीपाशी थांबली. तिच्याकडून रोज फोनवर बातम्या यायच्या. सोमवारी भाऊजींनी चित्र काढलं. मंगळवारी ते पुसलं. मंगळवारीच रेणुका उठून जेवली. बुधवारी बाजारातून नवा वाळा आला, आणि दाराशी बसून गुरुजींनी त्याच्या बारीक बारीक वेण्या घालायला सुरुवात केली. अक्का दोरा बांधून द्यायच्या. त्या वेण्या गाडीच्या प्रत्येक जाळीपुढे, तोरणासारख्या, मोकळ्या लोंबत्या सोडल्या. खाच रिकामीच ठेवली. "वाट मोकळी, वास दारात," असं त्यांनी फोनवर मला स्वतः सांगितलं. मी विचारलं, किती स्क्रू उरले? म्हणाले, "ह्येच्यात स्क्रूच न्हाई, साहेब. म्हणून तर जमलं."

शनिवारी आम्ही निघालो. मी आदल्या दिवशीच लातूरला जाऊन राहिलो होतो, कारण देखरेख लागते. माझ्याजवळ पाणी, लिंबं, टॉवेल, पिशव्या, गोळ्या, सगळं खूण करून घेतलेलं होतं. अक्का आणि बायकोच्या मधे रेणुका बसली. वेण्या ओल्या केल्या होत्या. झोत त्यांना हलवत यायचा आणि गाडीत माठाच्या पाण्यासारखा गार वास भरायचा. चाकूर गेलं. अहमदपूर गेलं. अक्का मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होत्या. लोह्याच्या जवळ गुरुजींनी आरशात बघून विचारलं, "काय गं, हाय का न्हाई?" उत्तर आलं नाही. मी घाबरून मागे वळलो. पोरगी अक्कांच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती.

नांदेडला पोचल्यावर तिने वरण-भात मागितला, वर आणखी वाढून घेतला आणि केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं. माझी बायको देवासमोर दिवा लावायला गेली; मी न वापरलेल्या पिशव्या घडी करून जागेवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी परीक्षा केंद्राच्या फाटकाशी गुरुजी तिला समजावत होते, "खिडकीपाशी जागा धर."

"नंबर लावलेले असतात, मावसा."

"मंग खिडकीलाच बलाव तुज्यापाशी."

हसतच ती आत गेली.

तेव्हा या लिखाणाचं सुरुवातीचं विधान मला दुरुस्त करायला हवं. गुरुजींनी दुरुस्त केलेली एक वस्तू चालली.

निकाल लागला, लांबच्या एका शहरात तिला प्रवेश मिळाला. वसतिगृहावर सोडायला मी आणि गुरुजी गेलो होतो. त्यांनी खोलीची खिडकी उघडून, बंद करून, पुन्हा उघडून बघितली. परतीच्या वाटेवर त्यांनी दोन-तीनदा आरशातून मागची रिकामी सीट बघितली. मग आपणहूनच म्हणाले, "भूकंपात औशाकडच्या एका गावात गेलो हुतो आमी मास्तर लोक. दगड उचलायच्या आदी फट करायची, साहेब. आत हवा गेली की माणूस दम धरतंय. एक बारकी पोरगी हुती आत. आमी फटीतून टॉवेलानं वारा घातला लई येळ. निघाली ती जिती." गाडी पुढे गेल्यावर म्हणाले, "आता कुठं असंल, काय म्हाईत." इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनी आपल्या बाजूची काच बोटभर खाली केली. एसी चालू असताना ते नेहमीच तसं करतात आणि मी नेहमी त्यावर बोलतो. त्या दिवशी बोललो नाही.

माडीवरची रेणुकाची खोली त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही. आईबाप येतात, खिडक्या बघतात, खूश होतात. गुरुजी म्हणतात, ही सोडून कुठली बी घ्या. अक्का म्हणतात की शनिवार आला की हे तांब्या घेऊन गाडीत बसतात आणि वेण्यांवर पाणी शिंपडतात. कुठे जायचं नसलं तरी.

राहता राहिला फिल्टर. तो मी त्याच मे महिन्यात विकत आणला. खोक्यात आहे, खोकं कपाटात आहे. लातूरला जाताना दर वेळी बरोबर नेतो, आणि दर वेळी गुरुजी खोक्यावरचं चित्र कौतुकाने बघून ते मला परत देतात. "ऱ्हाऊ द्या, साहेब. सुट्टीला पोरगी येऊ द्या. तिला बसवून बगू, मंग ठरवू." सुट्टीला ती आली, त्या गाडीतून हसत उतरली, चार दिवस राहून गेली आणि फिल्टरची आठवण कुणालाच झाली नाही. खाच रिकामी आहे, गाडीत धूळ येते, आणि माझ्या यादीत त्या कामापुढे अजून खूण नाही. फिल्टर बसवायचा आहे.